स्मोकिंग? नाही

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर माझ्या कॉटशेजारी उभा राहून फॉर्म भरत होता. बीपी? आहे, गोळी चालू आहे. शुगर? नाही. ॲलर्जी? नाही. स्मोकिंग? मला हसूच आलं. 'अहो, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते मी,' म्हटलं. तोही हसला आणि 'नो'वर टिक करून पुढच्या कॉटकडे गेला. मी खोटं बोलले नव्हते. विडी-सिगारेट मी आयुष्यात हातात धरलेली नाही. उशाखालच्या पर्समध्ये मात्र पत्र्याची गोल डबी होती आणि डबीत घरी तव्यावर भाजलेली मिश्री.

दुखणं होतं उजव्या पायाच्या अंगठ्याचं. अंगठा ही काय दुखायची जागा, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा मोजून बघावं. चालताना टाच उचलली की अंगाचा भार पुढं येतो आणि अंगठा मुळाशी वाकतो, पावलागणिक. माझ्या त्या सांध्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं. वरच्या बाजूला हाडाचा उंचवटा आला होता, चपलेचा पट्टा त्यावर टेकला की डोळ्यांत पाणी यायचं. उकिडवं बसणं तर बंदच झालं होतं, कारण उकिडवं बसता-उठताना या सांध्यावर भार येतो. डॉक्टर म्हणाले, सांधा फ्यूज करू. हलतो म्हणून दुखतो; हलायचाच थांबला की दुखायचाही थांबेल. दोन्ही हाडांची टोकं खरवडायची, एकमेकांत बसवायची, अंगठा किंचित वर उचललेला ठेवायचा म्हणजे चालताना पाऊल पुढं लोळतं, आणि प्लेट-स्क्रूनं आवळून टाकायचं. सहा आठवडे टाचेवर चाला, तीन महिन्यांत हाड जुळेल.

तीन महिन्यांनी एक्सरे काढला. दोन हाडांच्या मध्ये काळी रेघ. 'थोडा वेळ देऊ.' सहा महिन्यांनी पुन्हा काढला. रेघ होती तिथंच, आणि एक स्क्रू मोडलेला.

हे नेमकं काय झालं, ते मला सगळ्यात नीट समजलं माझ्या भावाकडून. त्याची तासगावकडं द्राक्षबाग आहे. एक्सरे उजेडाला धरून तो म्हणाला, 'ताई, कलम फेल गेलंय.' डॉगरिजच्या खुंटावर पाचर कलम बांधतात, तेव्हा खुंट चिरतात, डोळकाडीला पाचरीसारखे काप देतात, दोन्हीकडची हिरवी साल एकमेकींना भिडवतात आणि वरून पट्टी गच्च आवळतात. पण पट्टी कलम जोडत नाही. जोडतो तो रस. पट्टीचं काम एवढंच, की रस पोचेपर्यंत काडी हलू नये. खुंटाला पाणी नसेल किंवा काडी रोज कुणी हलवत असेल, तर पट्टी कितीही भारी आणा, काडी वाळणार. माझ्या पायातली प्लेट म्हणजे पट्टी. महिन्यामागून महिने नुसती प्लेटच भार सोसत राहिली तर शेवटी धातूही थकतो. हाडाची टोकं खरवडतात तीही याचसाठी, की आतलं जिवंत, रक्ताचं हाड उघडं पडावं.

हा सांधा फ्यूज केल्यावर सगळं नीट करूनही शंभरात पाच-सहा जणांचं हाड जुळत नाही. त्यातल्या कित्येकांना दुखतही नाही, मग कुणी त्याच्या वाटेला जात नाही. माझं दुखत होतं. त्यामुळं ऑपरेशन करणाऱ्यांनी काही बिघडवलं, असं मी म्हणत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन बघून सांगितलं, 'प्लेट नीट बसवलेली आहे. हाडानं प्रयत्नच केलेला दिसत नाही.' काही वेळा रक्तपुरवठा चांगला असतो पण जागा हलत राहते; तिथं हाडाची टोकं फुगतात, म्हणजे जुळायची धडपड तरी दिसते. माझी टोकं गप्प होती.

मग त्यांनी विचारलं, 'तंबाखू?' मी सवयीनं नाही म्हटलं. ते थांबले. 'मिश्री लावता का, मावशी?'

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात एखाद्या डॉक्टरनं हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. मिश्री मला आजीनं लावली, बाराव्या वर्षी, दाढ दुखत होती म्हणून. आमच्याकडं बायका मिश्रीला व्यसन म्हणतच नाहीत. ती दातांना असते, पोट साफ व्हायला असते, सकाळच्या चहाआधीची असते. तंबाखू खातात ते गडी. माझ्या शाळेच्या फाटकावर 'शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी' ही पाटी मी स्वतः पेंटर बोलावून रंगवून घेतली होती, आणि तो रंगवत होता तेव्हा मी ऑफिसमागं उभी राहून चूळ भरत होते. तंबाखूच्या पाकिटाच्या 85 टक्के जागेवर इशारा छापायचा नियम आहे. पण तव्यावर भाजलेल्या पानाला पाकीट कुठलं?

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. निकोटीन धुरातून येवो नाहीतर हिरडीतून, रक्तात उतरतंच, आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. अंगठा म्हणजे कालव्याच्या टेलचं रान. वर थोडं कमी सुटलं तरी कोरडं पडतं ते टेललाच.

आता आकडे बघा. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांमध्ये धूर ओढणारे शंभरात चारही भरले नाहीत. धूर न काढता तंबाखू चघळणारे, लावणारे, घासणारे मात्र चोवीसच्या आसपास. म्हणजे फॉर्मवरचा तो एका शब्दाचा प्रश्न आपल्याकडच्या बहुतेक तंबाखूला शिवतच नाही. परदेशातल्या फॉर्मवरून तो उतरवला गेला असणार. तिथं त्याला अर्थ असेल. इथं 'स्मोकिंग?' विचारणं म्हणजे कोरडवाहू गावात जाऊन 'पूर आला होता का?' विचारण्यासारखं आहे. उत्तर खरं मिळतं आणि कळत काहीच नाही.

डॉक्टर मंडळी म्हणतात, पेशंट खोटं बोलतात. बोलतात, मला माहीत आहे; तीस वर्षं मी पालकांशी बोलले आहे. पण आधी विचारून तरी बघा, आणि आमच्या शब्दांत विचारा. मिश्री लावता? मावा खाता? तपकीर ओढता? शिव्या घालायला नको, नुसतं विचारा. अंगठ्याचं हे ऑपरेशन काही अपघाताचं नव्हे, की आजच्या आज करायला हवं. दहा वर्षं दुखलेला अंगठा आणखी दोन महिने दुखला असता. त्या दोन महिन्यांत मी डबी सोडली असती का? असती की नाही, हे मला विचारायलाच कुणी आलं नाही. माझी साखर मात्र तीनदा तपासली. ड जीवनसत्त्व एकदाही नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा 11 निघालं. 20 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. प्लेटच्या किमतीपुढं ती तपासणी म्हणजे चहापाणी.

आणि तो बूट. पहिल्या ऑपरेशननंतर मला टाचेवर चालायचा जाडजूड बूट दिला होता, पुढचा भाग अधांतरी राहावा असा. सहा आठवडे वापरा, म्हणाले. मी वापरला. बाहेरच्या खोलीत वापरला, अंगणात वापरला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की काढून ठेवायचे. देवघर स्वयंपाकघरातच आहे. पायातलं घालून मी तिथं जन्मात गेले नव्हते. दिवसातून पंधरा वेळा तरी मी तो बूट काढला असेन आणि ओट्यापर्यंत, फ्रीजपर्यंत, देवापर्यंत अख्ख्या पावलावर गेले असेन. दुसऱ्या डॉक्टरांसमोर हे सहज बोलता बोलता निघालं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. 'मावशी, प्लास्टर असतं तर काढून ठेवलं असतं का उंबऱ्यावर?' प्लास्टर कसं काढणार, ते पायच झालेलं असतं. बूटही पायच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मिश्रीनं किती केलं, ड जीवनसत्त्वानं किती आणि उंबऱ्यानं किती, याची वाटणी आता कुणी करून देणार नाही. तिन्ही गोष्टी माझ्याच घरातल्या होत्या आणि तिन्ही आधी कळण्यासारख्या होत्या.

दुसरं ऑपरेशन झालं. टाचेच्या हाडातला थोडा कीस काढून सांध्यात भरला, नवी प्लेट बसवली. त्याआधी साडेतीन महिने मिश्री बंद. पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसायचे, पोट साफ होईना, सुनेवर विनाकारण ओरडले. भाजलेली बडीशेप त्याच डबीत भरून ठेवली, म्हणजे हात जायचा तिथंच जाईल. बूट मात्र या खेपेला देवासमोरही पायातच. सीटीमध्ये हाड जुळलेलं दिसलं. चालते आता. कोल्हापुरीच्या अंगठ्यात हा ताठ अंगठा काही शिरत नाही, म्हणून चांभारगल्लीत जाऊन चपलेचा अंगठा कापून घेतला आणि पट्टा रुंद करून घेतला. कारागीर म्हणाला, बाई, शोभा गेली. गेली खरी.

गेल्या आठवड्यात जाऊबाई मोरीत घसरल्या, उजवं मनगट मोडलं. भेटायला गेले. कोपरापर्यंत प्लास्टर, पाठीशी उशी. मी इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, 'डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं का हो?'

'विचारलं की,' त्या म्हणाल्या. 'नाही म्हणून सांगितलं. मी कुठं खाते तंबाखू?'

चहाचा कप त्यांनी डाव्या हातानं पुढं केला. तर्जनीचं टोक काळं होतं.