अर्जदाराची भाषा आणि कचेरीचे मौन

नोकरीचा अर्ज आता ई-मेलने क्षणार्धात पोहोचतो. त्याची भाषा मात्र इंग्रजी अमदानीतच घुटमळते आहे. ‘आपला अत्यंत आज्ञाधारक’ ही सही गेली, पण ‘रिस्पेक्टेड सर’पासून ‘डू द नीडफुल’पर्यंतची लाचारी कायम आहे. विषयाची ओळ कोरी, सोबतच्या फाइलीचे नाव ‘बायोडेटा फायनल २’, आणि एकच मजकूर चाळीस कंपन्यांना, तोही सर्वांचे पत्ते उघडे ठेवून! अर्ज कोणत्या जागेसाठी आहे, हेच वाचणाऱ्यास उमगत नाही. वास्तविक पद, पात्रता, अनुभव आणि दूरध्वनी क्रमांक हे सारे पाच-सहा वाक्यांत मावते. पदवी हाती देईपर्यंत महाविद्यालये एवढेही शिकवीत नसतील, तर त्या पदवीचे मोल ते काय?

परंतु सारा दोष उमेदवाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नकाराच्या दोन ओळी धाडण्यास आता टपालाचे तिकीटही लागत नाही. तरीही अनेक कचेऱ्या मौन पाळतात, आणि तालुक्याच्या गावी बसलेला पदवीधर महिनोन्‌महिने वाट पाहतो. प्रसंगी त्या आशेवर हाती आलेले दुसरे काम सोडतो. अर्ज मागविणाऱ्यांनी निर्णयाची तारीख जाहिरातीतच छापावी, आणि ती पाळावी.