हातची रक्कम की आजन्म पेन्शन?

भिलाई पोलाद कारखान्यातील कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी कारखान्याच्याच न्यासाकडे असतो. ही पुंजी कामगाराची असून सेवानिवृत्तीनंतर व्याजासह त्याच्या हाती येते. २०२३ साली तिच्यातील मोठा हिस्सा केंद्राच्या कर्मचारी पेन्शन योजनेत वळवावा की नाही, असा प्रश्न तेथील अनेकांपुढे उभा राहिला. महाराष्ट्राबाहेर औद्योगिक नगरांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा पेच अपरिचित नसावा.

योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. मालकाच्या वर्गणीतील ८.३३ टक्के पेन्शन निधीत जातात, पण ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच. ही मर्यादा आरंभी ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पात्र कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष वेतनावर पेन्शन निवडण्याची आणखी एक संधी दिली. अट एकच : इतक्या वर्षांची फरकाची वर्गणी व्याजासह भरायची.

ढोबळ हिशेब करू. पेन्शनपात्र वेतन ७०,००० आणि वाढीव दोन वर्षे धरून सेवा २९ वर्षे मानली, तर वेतनास सेवेने गुणून ७० ने भागल्यावर मासिक २९,००० येतात. मर्यादेतील पेन्शन फार तर सहा हजारांच्या आसपास. या २३,००० च्या वाढीसाठी समजा वीस लाख भरावे लागले. व्याज न धरता ते सव्वासात वर्षांत वसूल होतात. आठ टक्के व्याज धरले की सुमारे अकरा वर्षे लागतात.

येथवर अंकगणित पेन्शनच्या बाजूने झुकते. परंतु ही पेन्शन महागाईशी जोडलेली नाही. मूळ रक्कम वारसांना परत मिळत नाही आणि पतीच्या निधनानंतर पत्नीस साधारण निम्मी पेन्शन उरते. मी २००४ पूर्वी सेवेत आलो, म्हणून मला महागाई भत्त्यासह पेन्शन मिळेल. अशा सुरक्षित जागेवरून दुसऱ्याला धाडसाचा सल्ला देणे मला प्रशस्त वाटत नाही. तरी मत विचाराल तर सांगतो : पत्नी वयाने बरीच लहान असेल, तिला स्वतःचे उत्पन्न नसेल आणि घरात मोठी रक्कम टिकत नसेल, तर पेन्शन घ्यावी. (रक्कम न टिकण्याचे कारण बहुधा मुलाचा धंदा असतो, हे निवृत्तांना ठाऊक आहे.) प्रकृती नाजूक असेल वा घराचे कर्ज शिल्लक असेल, तर पुंजी हाती ठेवावी.

प्रशासनाविषयी मात्र माझी तक्रार आहे. अर्जाची मुदत ३ मे, मग २६ जून, अखेर ११ जुलै २०२३ अशी सरकत गेली आणि रक्कम काढण्याची रीत जाहीर व्हायला जून उजाडला. किंमत न सांगता ग्राहकाकडून होकार मागणारा दुकानदार आपण सहन केला नसता. प्रत्येकाचा आकडा आधी त्याच्या हाती द्यायचा आणि मग मुदत ठरवायची, एवढा साधा क्रम पाळणे अशक्य नव्हते. पुढे तर न्यासाच्या नियमांत वेतनमर्यादा असल्याचे कारण देऊन सार्वजनिक उपक्रमांतील अनेकांचे अर्जच नाकारले गेले आणि वाद उच्च न्यायालयांत पोहोचले.

ज्यांना मागणीपत्र येईल त्यांनी संमतीवर सही करण्यापूर्वी त्यातील सेवाकाळ आणि वेतन स्वतःच्या जुन्या पगारचिठ्ठ्यांशी ताडून पाहावे, आणि तो हिशेब पत्नीला शेजारी बसवून करावा.