नाल्याइतकीच खारफुटीही मोलाची

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. त्यानंतर मुंबईने पर्जन्यवाहिन्या रुंद केल्या, उदंचन केंद्रे बांधली. ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या जुन्या वाहिन्यांची क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले गेले. हे आवश्यकच होते. पण हवामान बदलामुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस वाढतो आहे आणि समुद्राची पातळीही चढते आहे. भरतीच्या वेळी नाल्याचे तोंडच पाण्याखाली गेले, तर वाहिनी कितीही रुंद असून पाणी जाणार कुठे?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग खाडीकाठच्या चिखलात उभा आहे. खारफुटी म्हणजे भरतीच्या पाण्याला पसरण्यासाठी राखलेली जागा. तिची मुळे गाळ धरून काठ सावरतात आणि लाटांचा जोर मोडतात. शंभर मीटर रुंदीच्या पट्ट्यात लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होत असल्याचे निरनिराळ्या ठिकाणच्या मोजमापांतून दिसले आहे. ओडिशातील १९९९च्या महाचक्रीवादळात केंद्रापाडा जिल्ह्यात जी हानी झाली, तिचा अभ्यास सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जिथे रुंद होता, तिथे मृत्यू कमी झाले होते. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने त्याहून अधिक जीव वाचले, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. म्हणजे खारफुटी हा रामबाण उपाय नव्हे. इशारा, वाहिन्या आणि खारफुटी ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर आणि अन्य प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात उतरलेले जिवाणू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. पाणी जितके तास तुंबून राहते, तितकी ही जोखीम वाढते. ती सर्वाधिक सोसावी लागते नाल्याकाठच्या वस्त्यांना आणि त्या पाण्यातून कामावर जाणाऱ्यांना.

कायद्याचा आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ मध्ये ती कायम केली. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. तरीही राडारोड्याचा भराव पडतो, बांध घालून भरतीचे पाणी अडवले जाते आणि कुऱ्हाड न लावताही झाडे वाळतात. सार्वजनिक प्रकल्पासाठी तोड करायची झाली, की दुसरीकडे झाडे लावण्याचे आश्वासन दिले जाते. मिठी नदीला मिळणारा एखादा नाला बुजवून त्याऐवजी दुसऱ्या गावात नाला खणून देतो, असे कोणी म्हटले तर आपण हसू. खारफुटीच्या बाबतीत मात्र हाच हिशेब आपण मुकाट्याने मान्य करतो. झाडांची संख्या भरून निघेल. पण या खाडीचे पाणी सामावणारी जागा इथेच हवी.

म्हणून खारफुटीकडे शोभेची हिरवळ म्हणून न पाहता नागरी सुविधा म्हणून पाहिले पाहिजे. पावसाळ्यापूर्वी नालेसफाईची पाहणी होते, तशीच भरतीच्या वाटा मोकळ्या आहेत का याचीही व्हावी. त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असावी. पाणी पूर्वी कुठून आत शिरत असे, हे कोळीवाड्यांतील जाणत्यांना विचारावे. प्रत्येक विभागातील लेप्टोच्या रुग्णांची नोंद पाणी साचण्याच्या ठिकाणांशी ताडून पाहावी. खाडीकाठी एखाद्या प्रकल्पाला परवानगी देताना किती झाडे जाणार एवढेच विचारून भागणार नाही. ते पाणी उद्या कोणाच्या घरात शिरणार, हे आधी विचारायला हवे.