कानावर विश्वास ठेवा, डोळे झाकून

ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बनवणाऱ्यांच्या, विकणाऱ्यांच्या आणि त्यांवर लाखो रुपये घालणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘ते मीटरवर दिसायचं नाही, त्याला कान लागतो.’ एवढं म्हटलं की समोरचा गप्प होतो. कारण पुढचं न बोललेलं वाक्य त्याला कळतं: तुला कान नाही. माझ्या मते ही दलील नाही, ही दमबाजी आहे. तिच्यामुळे गरजू माणसांचे पैसे जातात आणि हुशार पोरांची उमेद खचते. म्हणून हे लिहितो आहे.

कानाबद्दल माझी तक्रार नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. ‘क’ आणि ‘क़’ यांतला फरक मुलांना कानानेच शिकवावा लागतो, हे मला ठाऊक आहे. माझा सवाल एवढाच आहे की कान जेव्हा निवाडा देतो, तेव्हा तो एकटा असतो का?

आम्हा शिक्षकांना याचं उत्तर माहीत आहे. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोडचा स्टिकर असतो. पेपर कुणाचा, कोणत्या शाळेचा, हे तपासणाऱ्याला कळू नये अशी ती सोय आहे. शिक्षक बेईमान असतात म्हणून ती केलेली नाही. प्रामाणिक माणसाचाही हात नाव पाहून अर्ध्या गुणाने सैल किंवा घट्ट होतो, म्हणून केली आहे. या सोयीने शिक्षकाचा अपमान होत नाही. मग आवाजाच्या जाणकारांना पडद्याआडून ऐका म्हटलं की राग का येतो?

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमन या कंपनीतल्या ४० जणांना चार स्पीकर ऐकवले. एकदा समोर ठेवून, एकदा पडद्याआड. समोर दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरना गुण चढले आणि छोट्या, स्वस्त संचाचे उतरले. पडदा ओढल्यावर ती तफावत बरीच आटली. स्पीकर तेच होते, कानही तेच होते, फक्त डोळे बाजूला झाले होते.

दुसरा प्रयोग बोस्टनमधला, २००७ साली प्रसिद्ध झालेला. मेयर आणि मोरन यांनी जादा बारकाव्यांचं म्हणून विकलं जाणारं ध्वनिमुद्रण आणि तेच ध्वनिमुद्रण साध्या सीडीच्या दर्जावर उतरवून, असं आलटूनपालटून लोकांना ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, कोणतं कोणतं ते सांगा. २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढीच आली असती.

आता केबलचं पाहू. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तार, म्हणजे ०.१२ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे याचा परिणाम सुमारे ०.१३ डेसिबल. नववीच्या विज्ञानातल्या धाराविद्युतच्या धड्यावर हे गणित सुटतं. एवढ्यासाठी कुणी सोन्याच्या भावाची केबल गळ्यात मारत असेल, तर ऐकण्याची गोडी आणि गिऱ्हाइकाची लूट यांतली रेघ त्याने ओलांडलेली आहे.

यावर मोजमापाच्या भक्तांनी टाळ्या पिटू नयेत. आकड्यांच्या नावानेही कमी फसवणूक झालेली नाही. ‘पीएमपीओ’ वॉटचे स्टिकर आठवा. हातात मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवर हजार वॉट लिहिलेले असायचे. ज्या ४४४० आयसीची क्षमता तिचा कागद दोन चॅनेलवर सहा-सहा वॉट सांगतो, तिचं बोर्ड बाजारात शंभर वॉटचं म्हणून खपतं.

याहून गंभीर उदाहरणही आहे. ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर आले तेव्हा कागदावर त्यांची विकृती नगण्य होती, तरी ऐकणारे कुरकुरत होते की आवाज टोचतो. ते खोटं बोलत नव्हते. अशा ॲम्प्लिफायरमध्ये तरंगाचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. त्या सांध्यावर हात बदलताना तरंग किंचित मोडतो. पूर्ण आवाजात मोजलं तर तो मोड टक्क्यात हरवतो, पण हळू आवाजात ठळक होतो. शिवाय सगळी विकृती कानाला सारखी नसते. वरच्या पटीतले स्वर थोडे मिसळले तरी जास्त बोचतात. ते मोजताना त्यांना अधिक वजन द्यावं, असं बीबीसीच्या शॉर्टर यांनी १९५० सालीच सुचवलं होतं. मीटर बरोबर होता, त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता. कानाने तक्रार केली, मोजमापाने तिचं कारण शोधलं आणि रचना सुधारल्या. कानाने ‘हे गूढ आहे’ म्हणून हात जोडले असते, तर तो आवाज आजही टोचत राहिला असता.

इथे कुणी मिरजेचा दाखला देतो. मिरजेत शस्त्रांचं काम करणारी शिकलगार घराणी सतार-तानपुऱ्याकडे वळली आणि आजही तिथले कारागीर घोडीची जवारी कानाने लावतात. त्यांना कुठे मीटर लागतो? दाखला खरा आहे, पण तो लागू पडत नाही. तानपुऱ्याने स्वतःचा आवाज द्यायचा असतो. ॲम्प्लिफायरने दुसऱ्याचा आवाज पोहोचवायचा असतो, स्वतःचं काही न घालता. वाद्य बनवणारा कवी आहे, ॲम्प्लिफायर बनवणारा कातिब. कातिबाने गझलेत स्वतःचा शेर घुसवला तर त्याला आपण वाहवा देत नाही. आणि मिरजेचंच बोलायचं, तर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी श्रुती मोजू पाहणाऱ्या देवल आणि क्लेमेंट्स यांना साथ दिली होती. सूर मोजला गेल्याने उस्तादांचं काही कमी झालं नाही.

माझा एक माजी विद्यार्थी आयटीआय करून घरी ॲम्प्लिफायर बनवतो. भंगारातला ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा, पण काम चोख. एका शौकीन गृहस्थांनी डबा पाहिला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, ‘बेटा, आवाजात खानदान नाही.’ पोराकडे मोजमापाचे आकडे होते. ते त्यांनी पाहिलेही नाहीत. खानदान कानाला ऐकू येत नाही. ते डब्यावर दिसतं, किंवा दिसत नाही.

अशा वेळी काय करायचं, ते मी त्याला सांगितलं आहे. दोन्ही ॲम्प्लिफायर कापडाखाली ठेव. मल्टीमीटर लावून दोघांचा आवाज अगदी सारखा कर, कारण किंचित मोठा आवाज कानाला हमखास ‘जास्त चांगला’ वाटतो. मग नाणं उडवून एकेक लाव आणि विचार, कोणता वाजतोय? सोळापैकी किमान बारा वेळा बरोबर सांगितलं, तर त्यांच्या कानाला सलाम कर आणि सर्किटमध्ये दोष शोध. नुसत्या अंदाजाने एवढं जमण्याची शक्यता शेकडा चारपेक्षा कमी आहे. नाही सांगता आलं, तर तुझ्या डब्याची किंमत एक रुपयानेही कमी करू नकोस.