कुलूप बदललं म्हणून दार काढायचं का?

अपडेट झाल्यावर दूरचा संगणक उघडेनासा झाला की आपल्याकडे दोनच उद्गार ऐकू येतात. पहिला, "काल तर चालत होतं!" आणि दुसरा, "ते अपडेट काढून टाका." मी सरकारी कचेरीतला कारकून, पदवी कला शाखेची. संगणकाशी माझं नातं टेबलापुरतं. तरीही या दुसऱ्या उद्गाराला माझा ठाम विरोध आहे.

२०१८ सालचंच उदाहरण घ्या. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ओळख पटवण्याचं काम क्रेडएसएसपी नावाची व्यवस्था करते. तिच्यात भगदाड सापडलं. मधल्या वाटेवर दबा धरून बसलेल्याला आपल्या ओळखीच्या आधारे पलीकडच्या संगणकात शिरता आलं असतं. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती दिली आणि मे महिन्याच्या अपडेटात नियम कडक केला. झालं! ज्यांचा इकडचा संगणक अद्ययावत आणि तिकडचा सर्व्हर जुनाच, त्यांना आत प्रवेश बंद.

लगेच एक रामबाण उपाय फिरू लागला: रजिस्ट्रीत एक नोंद बदला आणि इकडची तपासणी सैल करा. काम चालू होतंही. पण नव्या कुलपाला जुनी किल्ली लागेना म्हणून दारच बिजागरीसकट काढून ठेवण्यातला हा प्रकार. खरा उपाय एकच होता, पलीकडच्या सर्व्हरलाही तेच अपडेट देणं. सैल केलेली नोंद 'तात्पुरती' असते म्हणे. 'तात्पुरती' या शब्दाचं आयुष्य केवढं असतं, हे कचेरीत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं, की आधी लक्षण ओळखावं, मग हात लावावा. पलीकडचा संगणक जागा आहे ना, झोपेच्या सेटिंगमुळे निजला तर नाही ना, हे पहिलं पाहावं. मग रिमोट डेस्कटॉपची परवानगी चालू आहे का ते. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून असं आत घेण्याची सोयच नसते, हे अनेकांना ठाऊक नसतं. नंतर फायरवॉल. रिमोट डेस्कटॉपची नेहमीची वाट म्हणजे ३३८९ क्रमांकाचा पोर्ट. घरचं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं असेल तर तीही अडू शकते. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून पडदा दाखवायला वेगळी परवानगी लागते. पडदा दिसतो पण माऊस हलत नाही, असं झालं तर 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी तपासावी. शेवटी दोन्ही बाजूंच्या आवृत्त्या जुळतात का ते पाहावं. यात कुठेही कुलूप मोडावं लागत नाही.

हा खटाटोप कशासाठी? गोव्यातल्या कितीतरी घरांत आईवडील एकटे आणि मुलगा पुण्याला, दुबईला नाहीतर लंडनला. बाबांचा संगणक तो तिथूनच नीट करतो. ती वाट बंद पडली की बाबा इंटरनेटवर 'मदत क्रमांक' शोधतात, आणि पलीकडे ठग बसलेला असतो. फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याच धोक्याबद्दल सावध केलं होतं: एनीडेस्क उतरवायला लावायचं, त्यातला नऊ आकडी कोड विचारून घ्यायचा, परवानग्या मिळवायच्या आणि खातं साफ करायचं. दोष ॲपचा नव्हे. घाबरलेला माणूस कोणालाही दार उघडतो, तिथे घोटाळा होतो.

तेव्हा मुलगा चवथीला घरी येईल त्यावेळीच ही पायरी-पायरीची यादी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावी. तिच्या डोक्यावर एकच ओळ हवी: "कोड फक्त मुलाला, तोही आपण त्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन केल्यावर." अपडेटमुळे चार दिवस काम अडलं तर अडू दे. आयुष्यभराची पुंजी जाण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त!