परदेशी नोकरीचा उंबरठा आणि टेमघरचा कारागीर

ठाणे परिसरातील वृत्तपत्रवाचकांना टेमघर हे नाव बहुधा पाणीकपातीच्या बातमीतून परिचित असते. शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजनेमुळे ते ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरच्या घराघरांत पोहोचले. भिवंडी-कल्याण रस्त्यावरचे हे गाव आज भिवंडीच्या विस्तारात मिसळून गेले आहे. त्यामुळे यंत्रमागांच्या या शहराचे जे प्रश्न, तेच टेमघरचेही प्रश्न ठरतात. त्यांपैकी एका प्रश्नाची चर्चा आजवर फारशी झालेली नाही. येथील तरुण परदेशातील नोकरीकडे आशेने पाहतो. पण परदेशांनी कुशल कामगारांच्या व्हिसासाठी जे नियम केले आहेत, त्यांत त्याला स्थान आहे काय?

परदेशी मालकाने पुरस्कृत केल्यावर मिळणारा व्हिसा म्हटला की मराठी मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचा संगणक अभियंता उभा राहतो. वस्तुत: गेल्या काही वर्षांतील नियमबदलांचा खरा अर्थ समजून घ्यायचा, तर अभियंत्यापेक्षा कारागिराकडे पाहावयास हवे. यंत्रमागाचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा जॉबर, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन आणि नळजोडणीत वाकबगार असलेला प्लंबर हे तिघेही कुशल आहेत. मात्र व्हिसाचे नियम कौशल्य थेट मोजत नाहीत. ते मोजतात दोनच गोष्टी : एक पगार आणि दुसरी कागद.

वेतनमर्यादेचे तर्कशास्त्र

वेतनाची किमान मर्यादा घालण्यामागील मूळ हेतू वावगा नाही. परक्या देशातून स्वस्तात माणसे आणून स्थानिकांच्या मजुरीवर गदा येऊ नये, हा तो हेतू. अडचण आहे ती अशी की, ही मर्यादा स्थानिक कामगाराचे रक्षण करता करता कोणाला येऊ द्यायचे, हे ठरविण्याचे हत्यार बनते.

ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील 'स्किल्ड वर्कर' व्हिसासाठी एप्रिल २०२३ मध्ये सर्वसाधारण वेतनमर्यादा वार्षिक २६,२०० पौंड होती. ४ एप्रिल २०२४ रोजी ती एका झटक्यात ३८,७०० पौंडांवर नेण्यात आली आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. याशिवाय प्रत्येक व्यवसायाचा प्रचलित दर वेगळा ठरलेला असतो आणि दोहोंपैकी जी रक्कम जास्त असेल ती उमेदवाराला लागू होते. त्याच दिवशी, म्हणजे २२ जुलै २०२५ रोजी, आणखी एक मोठा बदल झाला. शालान्तोत्तर पातळीची कामे या व्हिसातून सर्वसाधारणपणे वगळून पदवीच्या दर्जाची कामेच पात्र ठरविण्यात आली. मधल्या दर्जाच्या काही मोजक्या व्यवसायांपुरती तात्पुरत्या यादीची पळवाट तेवढी ठेवली गेली. म्हणजे हाताने काम करणाऱ्याला आधी पगाराने अडविले आणि मग पदवीने.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी असली तरी दिशा तीच आहे. एच-१बी व्हिसा मुळातच पदवीधरांसाठी आहे. वर्षाकाठी ६५,००० आणि अमेरिकी विद्यापीठांतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी त्याची संख्या ठरलेली आहे. ज्या कंपन्या या व्हिसावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात, त्यांना ६०,००० डॉलर पगार दिल्यास काही जादा अटींतून सूट मिळते. ही रक्कम १९९८ साली ठरली आणि त्यानंतर महागाई कितीही वाढली तरी ती बदलली नाही. एक मर्यादा अशी गोठलेली असताना १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला. त्यापाठोपाठ सोडतीत वरच्या वेतनश्रेणीतील उमेदवारांना अधिक संधी देणारा नियमही आला. पगार जितका मोठा तितका माणूस अधिक कुशल, हे सूत्र आता दोन्ही देशांनी स्वीकारले आहे.

जर्मनीचे दोन दरवाजे

या पार्श्वभूमीवर जर्मनीचा मार्ग महाराष्ट्राला जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच होते. कामगारांची टंचाई भेडसावणाऱ्या त्या देशाने ५ डिसेंबर २०२२ रोजी भारताशी स्थलांतरविषयक करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी व्हिसाची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे त्याने जाहीर केले. तत्पूर्वी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी सामंजस्य करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल मनुष्यबळ पाठविण्याचे उद्दिष्ट त्यात होते. परिचारिकांपासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, रंगारी, गवंडी आणि वाहनचालकांपर्यंत अनेक व्यवसायांचा त्यात समावेश होता. भिवंडीसारख्या शहराला हाक मारणारीच ही यादी होती.

यादीत नाव असणे आणि नियमात बसणे यांत मात्र अंतर आहे. जर्मन कायद्यात कारागिरासाठी ढोबळमानाने दोन दरवाजे आहेत. पहिला आहे मान्यतेचा. उमेदवाराचे व्यवसाय-प्रशिक्षण जर्मन प्रशिक्षणाशी तुल्य आहे, असे तेथील अधिकृत संस्थेने मान्य केले, तर ४५ वर्षांखालील उमेदवाराला कोणतीही ठोक वेतनमर्यादा नाही. स्थानिक कामगाराइतका पगार आणि त्याच्यासारख्याच सेवाशर्ती असल्या की पुरे. दुसरा दरवाजा अनुभवाचा. जर्मन मान्यता नसली तरी स्वदेशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षांचा अनुभव असल्यास येथून प्रवेश मिळू शकतो. येथे मात्र पगाराची अट आहे. २०२६ साठी ती वार्षिक ४५,६३० युरो, म्हणजे ४५ लाख रुपयांहून अधिक आहे. मालक सामूहिक वेतनकराराने बांधलेला असेल, तरच तीतून सूट मिळते.

थोडक्यात, कागद पक्का असेल तर पगाराची अट सैल होते आणि कागद कच्चा असेल तर पगार मोठा लागतो. दोन्ही बाजू लंगड्या असतील, त्याला दोन्ही दरवाजे बंद असतात.

दोन वर्षांची अट

वरकरणी साधी दिसणारी ही दोन वर्षांची अट महाराष्ट्राच्या आयटीआयपर्यंत आणून पाहिली की तिचा अर्थ उलगडतो. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर, सुतार हे एका वर्षाचे. म्हणजे एकाच संस्थेतून, एकाच वर्षी प्रवेश घेतलेल्या दोन मित्रांपैकी इलेक्ट्रिशियनला अनुभवाच्या दरवाजाशी निदान उभे राहता येते. प्लंबरला तेवढेही नाही. उरतो तो मान्यतेचा मार्ग. तेथे त्याच्या एका वर्षाची तुलना साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या जर्मन प्रशिक्षणाशी व्हायची. सामंजस्य कराराच्या यादीत प्लंबर आहे. पण त्याचे प्रमाणपत्र त्या यादीला पुरे पडत नाही.

जॉबरची स्थिती याहून बिकट. तो कोणत्याही संस्थेत शिकलेला नसतो. कांडी भरण्यापासून सुरुवात करून साच्यांच्या खडखडाटात उमेदवारी करीत तो घडतो. त्याच्या वीस वर्षांच्या अनुभवाला नेमणूकपत्र नसते, वेतनचिठ्ठी नसते, अनेकदा भविष्यनिर्वाह निधीचे खातेही नसते. जेथे विणकराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते आणि पाळी बारा तासांची असते, तेथे अनुभव सिद्ध करणारा कागद यायचा कुठून? शिवाय जर्मन भाषेची पातळी गाठायची तर महिनोन्महिने वर्गात बसावे लागते. बारा तासांची पाळी करणाऱ्याला ती सवड कोण देणार?

आखाताचा उलटा हिशेब

या कारागिरासाठी आजवर खुला राहिलेला रस्ता आखाताचा. तेथे हिशेब नेमका उलटा आहे. युरोपात यजमान देश वेतनाची मर्यादा घालतो. आखातात जाणाऱ्यांसाठी मात्र ती भारतालाच ठरवावी लागली. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी न झालेल्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते आणि ती देताना कामानुसार ठरविलेले किमान संदर्भ वेतन पाहिले जाते. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, भारत सरकारने हे वेतन खाली आणले; काही देशांसाठी तर दरमहा २०० डॉलरपर्यंत. त्यावर न्यायालयात दाद मागण्यात आली, टीकाही झाली आणि २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. आपली माणसे स्वस्त केली नाहीत तर दुसऱ्या देशाची माणसे ती कामे घेतील, ही भीती त्यामागे होती. श्रीमंत देश आपल्या कामगाराची मजुरी पडू नये म्हणून मर्यादा वाढवितात आणि माणसे पाठविणारा देश मागणी टिकावी म्हणून ती घटवितो, असा हा विरोधाभास.

या व्यवस्थेतील आणखी एक विसंगती सहसा ध्यानात येत नाही. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. पण त्यामुळेच परिचारिकांसारखे अपवाद वगळता त्याच्या करारातील वेतनाची तपासणीही होत नाही. शिकला म्हणून त्याचे कवच गेले.

कागदावरची नोकरी

पगाराचा आकडा नियमात बसला म्हणजे नोकरी खरी, असेही नाही. ब्रिटनने वृद्ध आणि आजारी व्यक्तींची काळजी घेणाऱ्या सेवकांसाठी २०२२ मध्ये व्हिसाचे दार उघडले. पुढे असे आढळले की, अनेक ठिकाणी पुरस्कर्त्या संस्थेकडे देण्याजोगे कामच नव्हते. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात काळजी-सेवा क्षेत्रातील ४७० हून अधिक संस्थांचे परवाने निलंबित वा रद्द झाले आणि सुमारे ३९,००० कामगार त्यांच्याशी निगडित होते. पुरस्कर्त्याचा परवाना गेला की कामगाराला नवा पुरस्कर्ता शोधण्यासाठी साधारणत: ६० दिवस मिळतात. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून या कामासाठी नव्या अर्जांचे दारच बंद झाले. ज्यांनी दलालांना पैसे भरण्यासाठी दागिने मोडले, जमीन गहाण टाकली, त्यांच्या दृष्टीने वेतनमर्यादेचा आकडा केवळ कागदावरच राहिला.

भारतात नोंदणीकृत भरती-प्रतिनिधीला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. ही एकच गोष्ट गल्लोगल्ली फलकांवर लिहिली गेली, तरी अनेक कुटुंबे वाचतील.

शासनाचे काम

तेव्हा प्रश्न किती तरुण पाठविणार, याचा नाही. त्यांच्या हाती काय देऊन पाठविणार, याचा आहे. केरळचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरावा. तेथील 'नोर्का रूट्स' या शासकीय संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मन शासकीय यंत्रणांशी करार केला तो केवळ परिचारिकांपुरता. व्यवसाय एक, भाषेचे प्रशिक्षण आधी, मालक निश्चित आणि उमेदवाराकडून भरतीचे शुल्क नाही, अशी त्याची आखणी होती. दहा हजारांच्या घोषणेपेक्षा अशी मर्यादित पण नेमकी आखणी अधिक उपयोगी पडते.

महाराष्ट्राला करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. ज्या व्यवसायांची परदेशात मागणी आहे, त्यांच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना दुसऱ्या वर्षाची जोड देता येईल. भाषावर्गाच्या काळात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई देता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. त्या तरतुदीची अंमलबजावणी भिवंडीच्या यंत्रमागांत आणि गोदामांत खरोखरीच झाली, तर कारागिराच्या अनुभवाचा पहिला पुरावा तयार होईल.

टेमघरच्या जॉबरने जर्मनी गाठावीच, असे नाही. कदाचित तो कधीच जाणार नाही. पण जो कागद व्हिसा अधिकारी मागतो, तोच कागद अपघातानंतर भरपाईसाठी, बँकेत कर्जासाठी आणि म्हातारपणी निवृत्तिवेतनासाठीही लागतो. परदेशी नियमांनी त्याला नाकारले, याची खंत करण्यापूर्वी एका गोष्टीची कबुली देणे आवश्यक आहे : त्याच्या कौशल्याची नोंद घेण्याचे काम सर्वप्रथम आपले होते आणि ते आपणच केलेले नाही.