किनारा न दिसलेली सहल

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग, यंदा कुठे जाऊन आलात?" यंदा आमच्याकडे सांगण्यासारखे उत्तर होते. "जहाजाने लक्षद्वीपला." समोरच्यांचे डोळे विस्फारले. कुणीतरी विचारले, "कशी झाली सहल?" आम्ही म्हटले, "फार छान!"

ते खोटे होते. लक्षद्वीपला आमचा पाय लागलाच नव्हता. मोबाइलमध्ये जहाजाचे, जेवणाच्या टेबलाचे, सूर्यास्ताचे फोटो होते आणि ते सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले होते. खरी हकिकत मात्र घराबाहेर गेली नव्हती. आज ती वाचकांना सांगायची आहे. एवढा पैसा खर्च करून जी सहल मनासारखी होत नाही, तिचे काय करायचे हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते. कदाचित तुम्हालाही कुणी शिकवले नसेल.

ही सहल मुळात अम्मींसाठी होती. अम्मींचे माहेर हर्णैचे. त्यांच्या लहानपणी मुंबईला जायचे म्हणजे बोटीने. बंदराला धक्का नव्हता, त्यामुळे बोट दूर पाण्यात उभी राहायची. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, खलाशी हात धरून वर ओढून घ्यायचे आणि मग भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. पुढे रस्ते झाले, बोटी बंद पडल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. अब्बा असताना म्हणायचे, "तुला एकदा मोठ्या जहाजात बसवतो." ते राहून गेले. यंदा अम्मींना एकाहत्तरावे लागले, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा आम्ही ठरवले की आता पुढे ढकलायचे नाही. मुदत ठेव मोडली. पाच माणसे, दोन केबिन, चार रात्री. सगळे मिळून सव्वा लाखाच्या वर गेले. दोन शिक्षकांच्या घराला ही रक्कम लहान नाही.

मुंबईच्या बंदरात तीन तास रांगेत गेले. आत गेल्यावर कळले की शेजारशेजारच्या म्हणून जास्त पैसे भरलेल्या दोन केबिन दोन वेगळ्या मजल्यांवर आहेत. पैसे वाचवायला आम्ही आतल्या केबिन घेतल्या होत्या, म्हणजे खिडकी नाही. दिवा मालवला की दिवस आणि रात्र सारखीच. जाहिरातीत निळाशार दिसणारा पोहण्याचा तलाव पाहून धाकटा म्हणाला, "आपल्या मामूंच्या वाडीतला हौद याच्यापेक्षा मोठा आहे." वायफायचे पैसे वेगळे, थंड पेयाचे वेगळे. मांसाहार हलाल आहे का, हे तीन जणांना विचारले आणि तीन उत्तरे मिळाली. तेव्हा चार दिवस डाळ, भाजी आणि मासळीवर काढायचे ठरले. संध्याकाळी डेकवर गाण्याचा असा काही दणदणाट सुरू झाला की अम्मी कानात कापूस घालून बसल्या.

तरी आम्ही एकमेकांना म्हणत होतो, "लक्षद्वीप आले की सगळे वसूल होईल."

मुंबईहून अगत्ती बेट साधारण नऊशे किलोमीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच जहाज डोलू लागले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात कमी दाबाचे पट्टे तयार होतात हे आम्ही वर्गात शिकवतो, फळ्यावर बाण काढून दाखवतो. सहलीची तारीख ठरवताना मात्र ते धड्यातच राहिले. रात्री कॅप्टनची घोषणा झाली. समुद्र खवळलेला असल्याने बेटावर उतरता येणार नाही, जहाज तिथे न थांबता मुंबईला परतेल.

या बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि उथळ पाणी असते. मोठे जहाज जवळ जाऊ शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि लहान होड्यांतून प्रवाशांना नेले जाते. लाटा उंच असतील तर उंच जहाजातून हलत्या होडीत म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना उतरवणे जिवावर बेतू शकते. हे सगळे आज शांतपणे लिहिता येते. त्या रात्री ते सुचले नाही.

त्या रात्री केबिनमध्ये जे झाले ते भांडणच होते. कोण काय बोलले ते सांगत नाही, पण वाक्ये तुमच्या ओळखीची असतील. "तारीख कुणी ठरवली?" "खिडकीची केबिन घेऊ म्हणत होतो तेव्हा नको कोण म्हणालं?" "एजंट तुमच्या ओळखीचा ना?" थोरलीने पांघरूण डोक्यावरून घेतले. मग दबक्या आवाजात म्हणाली, "दादीला दुपारपासून उलट्या होतायत. तुम्हाला सांगू नको म्हणाली. तुमची मजा जाईल म्हणून."

आम्ही दोघेही गप्प झालो. ज्यांच्यासाठी ठेव मोडली, त्या वरच्या मजल्यावर एकट्या पडून होत्या आणि आमची मजा जपत होत्या.

जहाज लागणे म्हणजे काय, हे जहाजावरच्या डॉक्टरांनी नीट समजावले. कानाच्या आतले तोल सांभाळणारे अवयव मेंदूला सांगतात की आपण हलतो आहोत. बंद खोलीत डोळ्यांना मात्र भिंत स्थिर दिसते. दोघांच्या निरोपांत मेळ बसत नाही आणि पोट ढवळते. म्हणून बिनखिडकीच्या केबिनमध्ये त्रास वाढतो. उपायही साधे आहेत. उघड्या हवेत यावे, नजर क्षितिजावर ठेवावी, जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर राहावे, कारण तिथे डोलणे सर्वांत कमी असते. पोट रिकामे ठेवू नये आणि जड खाऊही नये. गोळी त्रास सुरू होण्याआधी घेतली तर जास्त उपयोगी पडते. रक्तदाब किंवा साखरेची औषधे चालू असतील तर मात्र ती निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आम्ही अम्मींना मधल्या डेकवर आणले, कोरडा टोस्ट दिला, आल्याचा तुकडा चघळायला दिला. तासाभरात चेहऱ्यावर रंग आला.

मग त्यांनी विचारले, "भांडत कशाला होता?"

आम्ही बेटाचे सांगितले. वाटले, आता त्या हिरमुसतील. त्या म्हणाल्या, "अरे, हर्णैला असंच व्हायचं. समुद्र चढला की बोट थांबायचीच नाही. माणसं किनाऱ्यावर गाठोडी घेऊन उभी आणि बोट सरळ पुढे. कुणी कप्तानाला शिव्या देत नसे. रामदास बोटीचं नाव घरात प्रत्येकाला पाठ होतं."

मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अम्मींचा जन्म त्यानंतरचा, पण कोकणातल्या किनाऱ्यावरची मुले ती गोष्ट ऐकतच मोठी झाली. थोरलीने ती पहिल्यांदाच ऐकली. थोड्या वेळाने तिने विचारले, "म्हणजे कॅप्टनने बरोबर केलं?" अम्मी म्हणाल्या, "बरोबर केलं. आणि केबिनचं केलं ते चूक केलं. दोन्ही वेगळं."

दोन्ही वेगळं! बीएडला आम्हाला वर्गीकरण शिकवायला शिकवले होते, पण हे वर्गीकरण अम्मींनी शिकवले. त्याच रात्री थोरलीच्या वहीच्या पानावर आम्ही तीन रकाने पाडले.

पहिला रकाना समुद्राचा. लाटा, न दिसलेले बेट, उलट्या. यात कुणाचा दोष नाही आणि यावर तक्रार करून काही मिळत नाही. इथे सब्र हाच मार्ग.

दुसरा रकाना कंपनीचा. वेगवेगळ्या मजल्यांवरच्या केबिन, बेटावरच्या काचेच्या तळाच्या होडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, जेवणाबद्दलची तीन उत्तरे. इथे गप्प बसणे याला सब्र म्हणत नाहीत, तो आळस आहे. कधी कधी भिडस्तपणा.

तिसरा रकाना आमचा. हवामान न पाहता ठरवलेली तारीख, न वाचलेल्या अटी, स्वस्त म्हणून घेतलेली बिनखिडकीची केबिन, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे अम्मींना काय हवे आहे हे त्यांनाच न विचारणे. बेट आम्हाला बघायचे होते. त्यांना फक्त जहाजात बसायचे होते!

हे तीन रकाने एकत्र झाले की माणूस समुद्राचा राग कंपनीवर, कंपनीचा राग एजंटवर आणि आपल्या चुकीचा राग घरच्या माणसावर काढतो. घरचे माणूस सर्वांत जवळ असते, म्हणून सगळा मार तेच खाते. रकाने वेगळे झाल्यावर आमचे भांडण तिथेच थांबले, कारण तिसऱ्या रकान्यात दोघांचीही नावे सारखीच आली होती.

परतीच्या दिवशी फजरनंतर अम्मींनी दोन्ही मुलांना उठवले आणि डेकवर नेले. जहाज उत्तरेकडे चालले होते, म्हणजे सूर्य उजव्या बाजूला उगवणार, हे धाकट्याने स्वतः ओळखले. रात्रीचे गाणे बंद, डेकवर चार-दोन माणसे. पाण्यातून उडते मासे निघत होते, पंख पसरून थोडे अंतर कापत होते आणि पुन्हा पाण्यात शिरत होते. अम्मी बोलत होत्या. पडावात बसताना ओली होणारी सलवार, वडिलांच्या खांद्यावरची ट्रंक, डेकवर मांडलेल्या वळकट्या, उकडलेली अंडी आणि पाव. इतकी वर्षे त्यांच्याबरोबर राहून यातले निम्मे आम्हाला माहीत नव्हते. तो दिवसभर आम्ही कुठलाही कार्यक्रम बघायला गेलो नाही. तिथेच खुर्च्या टाकून बसलो.

म्हणजे सहल छान झाली का? नाही. सव्वा लाखाची सहल त्या एका सकाळीने छान होत नाही, आणि तसे म्हणणे हे पुन्हा स्टाफरूममधल्या उत्तरासारखेच होईल. पण ती वायाही गेली नाही.

आता दुसऱ्या रकान्याचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण त्याचा वाचकांना उपयोग आहे. जहाजावरच स्वागतकक्षात लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. केबिनचे क्रमांक, पावत्या, जाहिरात, सगळ्याचे फोटो काढून ठेवले. घरी आल्यावर ईमेल केला. सुरक्षिततेसाठी मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनी अटींमध्ये राखून ठेवते, आणि आमच्या कागदांतही ते वाक्य होते. म्हणून बेट दिसले नाही याची भरपाई आम्ही मागितली नाही. जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे मागितले. सहा आठवड्यांनी होडीच्या सहलीची रक्कम परत आली. केबिनच्या जादा रकमेवर मात्र उत्तर नाही, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली आहे. तिथेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मुंबईच्या कंपनीविरुद्ध रत्नागिरीतून दाद मागता येते, हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत असते?

जहाजाने जायचे मनात असेल तर पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. भाड्यात काय काय धरले आहे? केबिन नेमकी कुठे आहे? बंदर रद्द झाले तर कोणते पैसे परत मिळतील? जेवणाचे काय? पाचवा प्रश्न घरातच विचारा, ज्याच्यासाठी सहल आहे त्याला, "तुम्हाला नक्की काय बघायचं आहे?"

आम्ही तो अम्मींना आता विचारला आहे. त्यांना हर्णैचा किनारा बघायचा आहे. सुवर्णदुर्ग समोर दिसतो तिथे संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो, तेव्हा. एसटीने जाऊन मामूंकडे एक रात्र राहायचे.

आणि हो, स्टाफरूममधल्या त्या खोट्याचीही दुरुस्ती झाली. आमच्या एक सहकारी मे महिन्यातल्या जहाजाचे बुकिंग करायला निघाल्या होत्या, तेही आमचे फोटो पाहून. त्यांना मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन सगळे खरे सांगितले आणि थोरलीच्या वहीतले ते पान दाखवले. त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी छान का म्हणालात?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. तिसऱ्या रकान्यात आणखी एक ओळ वाढली.